गयाबाईचा आहेर

मनकर्णाबाई, जयभीम. तुम्हाला रामराम म्हटलं तरी चालतं, जयभीम म्हटलं तरी चालतं, नुसतं 'ओ' म्हटलं तरी चालतं. तुम्हाला सगळंच चालतं. माझा राग तिथूनच सुरू होतो.

आधी हे ऐकून घ्या की तुमचा आवाज चांगला नाही. आरवून आरवून घसा बसलेल्या कोंबड्यासारखा आहे. पाठांतराच्या नावानं तुमच्याकडे शून्य. स्टेजवर अर्धा वेळ तुम्ही लोकांकडे पाठ करून उभ्या असता आणि उरलेला अर्धा वेळ पदर सावरत असता. मी नाटकात लिहिलं होतं, 'दादाराव, या वयात माणसाला आधार नको असतो, सोबत हवी असते.' हे वाक्य मी खोडून खोडून घडवलं होतं. तुम्ही काय म्हणालात? 'आधाराले काठी हाय माह्यापाशी. तुमी गप्पा माराले या.' लोक हसले. हसता हसताच बायकांनी डोळ्याला पदर लावला. हे तुम्हाला कसं जमलं ते सांगू नका. मला ऐकायचं नाही.

या गावाच्या दोन पिढ्यांना मी व्याकरण शिकवलं. मला पाहून चाळिशीतले बाप्ये अजून तंबाखूची पुडी लपवतात. तुम्हाला पाहून चहा सांगतात. असं का, मनकर्णाबाई? माझं तुमच्यापेक्षा कमी काय आहे? काही कमी नाही. जास्तच आहे. मग?

हे पत्र महामायाताईंनी कागदावर कधी उतरवलं नाही. त्या ते बोलायच्या. सकाळी भाकरी थापताना, परातीच्या तालावर. शेवट दर वेळी निराळा असायचा, सुरुवात हीच. बोलून झालं की तव्यावरची भाकरी उलटायच्या आणि ती बहुतेक करपलेली असायची.

महामायाताई अमडापूरच्या. चिखलीच्या कॉलेजातून बी.ए. झाल्या, पुढे बी.एड., आणि गावच्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला 'तुमचं कसं चाललंय?' असं विचारून त्या गप्प करत. वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांची शिक्षणं काढायची होती, ती काढली, आणि वर पाहिलं तोवर विचारणारेही थांबले होते. यात रडण्यासारखं काही नाही आणि त्या रडल्याही नाहीत.

एक हौस मात्र राहून गेली होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाटकात काम करायची. तेव्हा जमलं नाही. पुढे शाळेत दर वर्षी पोरांची नाटकं बसवली. स्वतः लिहायची, पोरींच्या साड्यांना पिना लावायच्या, रडणाऱ्याला स्टेजवर ढकलायचं आणि आपण पडद्याआड उभं राहायचं. पडद्याआडून माणसाला नाटक दिसत नाही, दुसऱ्यांच्या पाठी दिसतात. महामायाताईंनी नोकरीभर पाठी पाहिल्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ठरवलं की मरायच्या आधी एकदा तरी आपण उजेडात उभं राहायचं आणि गावानं आपलं तोंड पाहायचं.

म्हणून त्यांनी कंपनी काढली. नाव ठेवलं 'साठीनंतर नाट्यमंडळ'. गावानं त्याचं लगेच 'म्हताऱ्यायची कंपनी' करून टाकलं. निवृत्त तलाठी, दोघी-तिघी विधवा, एक शिंपी, आणि एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले सहदेव, अशी सगळी मंडळी. तालमी विहाराशेजारच्या समाजमंदिरात. नियम ताईंचे. पहिला नियम असा की नाटकात कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही, कारण खाली वाकलेला माणूस वर येईपर्यंत प्रवेश संपतो. दुसरा, प्रत्येक प्रवेशात एक खुर्ची पाहिजेच, ती प्रवेशाला लागो न लागो.

नाटक ताईंनीच लिहिलं, 'उशिराचं बिऱ्हाड'. गयाबाई नावाची एकटी बाई आणि दादाराव नावाचा विधुर. उतारवयात दोघं लग्न करायचं ठरवतात. पोरंसोरं, भाऊबंद आडवे येतात, आणि शेवटी लग्न होतं. हे लग्न कसं लावायचं यावर मंडळात रण माजलं. तलाठी म्हणाले, मंगलाष्टकं पाहिजेत. सहदेव म्हणाले, बुद्धवंदना घ्या आणि फुलं टाका. शिंप्यानं अक्षता पाहिजेत म्हणून हट्ट धरला. शेवटी ताईंनी लग्न कोर्टात लावून टाकलं. दोन हार, एक रजिस्टरवाला साहेब, विषय संपला.

गयाबाई अर्थातच महामायाताई. यावर वाद नव्हता. हे सगळं त्यासाठीच तर उभं केलं होतं.

मनकर्णाबाई त्यात आल्या त्या पंख्यासाठी.

मे महिना, दुपारची वेळ, गावातली लाईन गेलेली. समाजमंदिरात इन्व्हर्टर होता. दार ढकलून एक ठेंगणी, रुंद, गळ्यात एकदाणी घातलेली बाई आत आली आणि थेट पंख्याखाली जाऊन बसली.

"कोण हो तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"मी उकंडरावची मनकर्णा. चालू द्या तुमचं. मी पंख्यासाठी आली."

उकंडरावांची गावाबाहेर थोडी जमीन होती, सोयाबीन आणि तूर निघायची. पोरं नोकरीला लागून बाहेर गेली होती. घरी दोघंच. मनकर्णाबाईंना दिवसभर बोलायला माणूस लागायचं आणि उकंडराव दोन शब्दांच्या वर बोलत नसत. म्हणून दुसऱ्या दिवशी लाईन होती तरी त्या आल्या. तिसऱ्या दिवशी येताना सगळ्यांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा आणला. मंडळ त्या चिवड्यावर विकलं गेलं, असं ताईंचं म्हणणं.

झालं ते असं. ताईंना समोर बसून प्रवेश कसा दिसतो ते पाहायचं होतं. आणि गयाबाई तर त्या स्वतः. मग त्यांच्या जागी उभं कोण राहणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मनकर्णाबाई, जरा इथं उभ्या राहा. फक्त जागा धरायची. बोलायचं नाही."

"नाही बोलत."

सहदेव दादाराव होऊन आले. एरवी सहदेव संवाद म्हणत ते थांब्यांची नावं सांगावीत तसे. म्हणाले, "गयाबाई, तुम्ही एकट्या. मी एकटा. लोक काय म्हणतील?"

मनकर्णाबाईंना राहवलं नाही. "काय म्हनतीन? एक चूल वाचली म्हनतीन. गॅस केवढ्याले झाला!"

सहदेव आधी दचकले, मग हसले आणि हसता हसता पुढचं वाक्य असं म्हणाले की ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. इतक्या महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा माणूस बोलला होता. प्रवेश संपला. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

चांगल्याला चांगलं म्हणायचं ही मास्तरकीची वाईट खोड. जन्मभर दुसऱ्यांना मार्क दिले की हात आपोआप उठतो. महामायाताईंच्या तोंडून निघून गेलं, "गयाबाई तुम्हीच करा."

"मी? नाही बाप्पा. मले लिवता-वाचता येते, पन इतलं पाठ होत नाही."

"मी आहे ना मागून सांगायला."

बोलून झालं आणि मगच त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. आपल्या कंपनीत, आपल्या नाटकात, आपण परत पडद्याआड.

मनकर्णाबाईंनी एकदा तरी मनापासून नाही म्हणावं, रडावं, 'मॅडम, ही भूमिका तुमची हाय' म्हणावं, अशी वाट ताईंनी आठवडाभर पाहिली. मनकर्णाबाईंनी पन्नास लाडू करून आणले.

पडद्याआडून संवाद सांगणं म्हणजे नेमका काय छळ असतो, ते मनकर्णाबाईंना संवाद सांगणाऱ्यालाच कळावं. ताई पुटपुटायच्या, "माझं मन आज साक्ष देत नाही." मनकर्णाबाई कान देऊन ऐकायच्या, मान हलवायच्या आणि लोकांकडे वळून म्हणायच्या, "आज मले काही सुधरत नाही बापा." अर्थ तोच. लोकांना तोच भिडायचा. ताईंच्या हातातली संहिता मात्र दिवसेंदिवस कुणा तिसऱ्याच माणसाच्या नाटकाची वाटायला लागली.

"अहो, लिहिलंय ते का बोलत नाही तुम्ही?"

"बोलतेच ना मॅडम. जरासं इकडचं तिकडं झालं असन."

"जरासं?"

"तुमचं लई भारी राह्यते. माह्या तोंडात मावत नाही."

यावर मंडळी हसली. ताईंनाही हसावं लागलं. ते हसू घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडावर वाळून गेलं होतं.

पहिला प्रयोग बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर लावला. ऊन उतरलं होतं, बाजार आटोपत आला होता, त्यामुळे बायका हातात भरलेल्या पिशव्या घेऊनच बसल्या. दोन चादरी बांधून पडदा केला होता. चादरीआड ताई, संहिता आणि विजेरी.

नाटक चढत गेलं. लग्नाचा प्रवेश आला. रजिस्टरवाला साहेब झालेल्या शिंप्यानं सह्या घेतल्या, हार झाले. आता गयाबाईनं पुढे यायचं आणि समाजाला उद्देशून शेवटचं भाषण करायचं होतं. ते भाषण म्हणजे ताईंचा जीव. 'म्हातारपण हे आयुष्याचं उरलंसुरलं नव्हे' असं त्याचं पहिलं वाक्य. ताईंनी ते पुटपुटलं.

"थांबा हो!" समोरून आवाज आला. "लगीन लागलं आन् आहेर नाही?"

एक उंच, वाळकी म्हातारी उठली होती. बीबी गावची तानाबाई. अमडापूरला लेकीकडे आली होती आणि लेकीसाठी बाजारातून हिरवं लुगडं घेतलं होतं. ते पिशवीतून काढून ती ओट्याच्या पायऱ्या चढायला लागली. नाटक आहे हे तिला कळत नव्हतं, असं नाही. तिला सगळं कळत होतं. पण डोळ्यांसमोर लग्न लागल्यावर रिकाम्या हातानं उठायचं नसतं, हेही तिला कळत होतं.

तिनं मनकर्णाबाईंना कुंकू लावलं, लुगडं पदरात घातलं. म्हणाली, "म्हाताऱ्या बाईचं लगीन लावलं, लई बरं केलं. माझ्या बहिणीचं कुणी लावलं नाही. अंगणात बसून बसून गेली ती."

दुसरी कुणी असती तर गोंधळली असती, हसली असती, आत पळाली असती. मनकर्णाबाईंनी पदर पसरून लुगडं घेतलं, तानाबाईच्या हाताला धरलं आणि म्हणाल्या, "कोन्या गावच्या तुमी?"

"बीबीच्या."

"बीबीले आमची चुलतसासू देली व्हती. बसा ना, उभ्या काऊन?"

आणि प्रवेशात जी खुर्ची नियमानं ठेवलेली असायची, ती तानाबाईला दिली.

मग काय, बांध फुटला. एकामागून एक बायका उठल्या. कुणी ब्लाऊजपीस, कुणी नारळ, कुणी नुकतीच घेतलेली स्टीलची वाटी. एकीजवळ काहीच नव्हतं, तिनं कोथिंबिरीची जुडी ठेवली. सहदेवांना टॉवेल-टोपी आली. त्यांनी ती खरोखरच्या नवरदेवासारखी मान वाकवून घेतली. मागून कुणीतरी ओरडलं, "उकंडराव, बायको चालली तुमची! बसले काय?"

"जाऊ दे," उकंडराव म्हणाले. "आहेर घेऊन घरीच येते."

ओटा हसून हसून लोळला. चादरीआड ताई संहिता धरून उभ्या होत्या. शेवटचं भाषण कुणी बोललं नाही आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. जन्मभर त्या लग्नांना गेल्या होत्या. सहकाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या पोरांच्या. रिकाम्या हातानं कधीच नाही. पण आहेर हा फिरता असतो, तो ज्याच्या घरी लग्न निघतं त्याच्याकडे परत फिरतो. महामायाताईंच्या घरी लग्न निघालंच नव्हतं. त्यांच्याकडून गेलेला आहेर कुठेतरी जाऊन थांबला होता. आणि इथे जिचं लग्न कधीचंच झालेलं, लेकरं-सुना असलेली, जिचा नवरा समोर बसून विडी ओढतोय, ती बाई त्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या लग्नाचा आहेर पदरात घेत होती.

मनकर्णाबाई चादरीपाशी आल्या. हात भरून गेले होते. चादर सारून त्यांनी तो ढीग ताईंच्या हातात दिला. "मॅडम, हे धरा जरा."

ताईंनी धरलं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या जागी ताई आधीच येऊन बसल्या होत्या. "हा आहेर मंडळाचा," त्यांनी जाहीर केलं. "व्यक्तीचा नाही."

"घ्या ना मंडळाले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले काय कराचा? पन फेडाचा कोनं?"

"फेडायचा? नाटकातला आहेर कुणी फेडतं का?"

"बायायनं नाटकातला नाही देला मॅडम. बाजारातून इकत घेतलेला देला."

मनकर्णाबाईंनी वही घातली नाही की कागद केला नाही, कोणाचं काय आलं ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ज्या बायकांनी दिलं त्यांच्या घरी काही कार्य निघालं की त्या जायच्या आणि घेतलं होतं त्याच्यावर काहीतरी वाढवून फेडून यायच्या. वाटी दिली होती तिथं डबा, ब्लाऊजपीस दिला होता तिथं साडी. कोथिंबिरीच्या जुडीची फेड म्हणून त्यांनी तिला परसातलं शेवग्याचं रोप नेऊन दिलं. झालं, गावोगाव 'गयाबाई' म्हणून ओळख झाली. लग्नपत्रिका यायला लागल्या, 'गयाबाई (नाटकातल्या), अमडापूर'. पोस्टमन त्या बिनचूक उकंडरावांकडे टाकायचा.

कडेलोट झाला तो ताईंच्या स्वतःच्या भाच्याच्या मंगल परिणयात. धम्मदीप त्यांच्या हातावर वाढलेला पोरगा. त्याच्या आईनं, म्हणजे ताईंच्या सख्ख्या बहिणीनं, फोनवर सांगितलं, "ताई, येताना गयाबाईले नक्की घेऊन ये. नवरीकडचे विचारून राह्यले."

नेल्या. नवरीकडच्या बायकांनी मनकर्णाबाईंना पंख्यासमोर बसवलं, सरबत दिलं आणि गराडा घातला. एकीनं ताईंकडे बघून विचारलं, "ह्या कोन?"

"ह्या आमच्या मॅडम," मनकर्णाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "नाटक ह्यायनंच लिवलं. लई हुशार बाई. माह्या मांगून ह्या बोलतात."

खरं तर यात वाईट काय होतं? काही नव्हतं. त्या कौतुकच करत होत्या. पण 'माह्या मांगून' हे शब्द ताईंना असे लागले की त्या जेवल्या नाहीत. घरी आल्या आणि त्यांनी संहिता काढून लग्नाचा प्रवेश कापला. पुढचा प्रयोग बुलढाण्याला होता, जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक महोत्सवात. मोठं सभागृह, माईक, दिवे. "तिथं सुशिक्षित प्रेक्षक असतात," त्यांनी मंडळाला सांगितलं. "लग्न नुसतं सुचवायचं. दाखवायचं नाही."

सहदेव म्हणाले, "मॅडम, तोच तर प्रवेश हाय."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "कापा बाप्पा. तितलंच उभं राह्यनं वाचलं. गुडघे लई दुखून राह्यले."

भांडावं तरी कसं या बाईशी! ताईंना वाटे, हिनं एकदा तरी आपला हेवा करावा. आपल्या शुद्ध बोलण्याचा, पेन्शनचा, पुस्तकांच्या कपाटाचा, कशाचाही. म्हणजे हिशेब बरोबर होईल. पण मनकर्णाबाईंना हेवा करायला सवड नव्हती.

गुडघे मात्र खरेच गेले. अकोल्याला थोरल्या पोरानं डॉक्टर पाहिला आणि ऑपरेशन ठरलं, बुलढाण्याच्या प्रयोगाच्या नेमकं आधी. मंडळी हवालदिल झाली. ताई म्हणाल्या, "हरकत नाही. गयाबाई मी करीन." आवाज सारखा ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले. घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे कापलेला लग्नाचा प्रवेश परत जोडला.

अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाई काठी टेकत ताईंच्या घरी आल्या. हातात पिशवी. पिशवीत नवंकोरं लुगडं, अंजिरी रंगाचं, भारी काठाचं.

"हे तानाबाईचं. बीबीच्या. तिच्या नातीचं लगीन हाय पुढच्या महिन्यात. बाकी सगळ्यायचा फेडून झाला, हिचाच राह्यला. तुमी नेऊन द्या."

"मी कशाला? तुमच्या पोराला सांगा. नाहीतर उकंडरावांना."

"त्यायचं काय काम मॅडम? तानाबाईनं मनकर्णाले थोडी देलं? गयाबाईले देलं. आता गयाबाई तुमी." आणि पिशवी ताईंच्या मांडीवर ठेवून त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "आन् बुलढाण्याले घाबरजा नोका. तुमाले त सगळंच पाठ हाय."

बुलढाण्याचा प्रयोग झाला. महामायाताई दिव्यांच्या उजेडात उभ्या राहिल्या. निळी पैठणीकाठाची साडी, खणखणीत आवाज, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. लोक शांत बसून ऐकत होते. 'आधार नको असतो, सोबत हवी असते' या वाक्याला पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान डोलावली. लग्नाचा प्रवेश आला. हार झाले. आता भाषण.

ताई बोलल्या नाहीत. त्या हार घालून उभ्या राहिल्या आणि समोरच्या अंधाराकडे पाहत राहिल्या. सभागृहात खुर्च्या गच्च होत्या. बायका होत्या, पिशव्याही असतील. कुणीतरी उठेल. एक जरी उठली. नारळ नको, लुगडं नको, उगीच कुणी हातातलं फूल घेऊन आली तरी चालेल. त्यांनी वाट पाहिली. इतकी पाहिली की लोकांना वाटलं, बाई विसरल्या. कुणीतरी खाकरलं.

सहदेव जवळ सरकले. त्यांनी ओठ न हलवता सांगितलं, "मॅडम, 'म्हातारपण हे...'"

पडद्याआड जन्म काढलेल्या बाईला स्टेजवर दुसऱ्यानं वाक्य सांगितलं. त्यांनी भाषण केलं, सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. संयोजकांनी प्रमाणपत्र दिलं.

फोन आला अकोल्याहून. मनकर्णाबाई पलंगावरून ओरडत होत्या, "झालं का वो मॅडम? सहदेव चांगला बोलला का? लोक हासले का?"

"झालं. उत्तम झालं."

"आहेर आला का?"

"आला," ताई म्हणाल्या.

"व माय! मंग तुमाले बी फेडा लागते आता!" आणि त्या इतक्या आनंदानं हसल्या की ताईंनी फोन कानापासून दूर धरला.

बीबीच्या लग्नाच्या दिवशी ताई निघाल्या होत्या, हे खोटं नाही. साडी नेसल्या, पिशवी घेतली, चिखलीच्या स्टँडवर उतरल्या. तिथून मेहकर, मेहकरहून बीबी. मेहकरची गाडी लागलेली होती. ताई बाकावर बसून तानाबाईला काय म्हणायचं ते मनात जुळवत होत्या. 'मी गयाबाई' असं म्हटलं तर म्हातारी तोंडाकडे पाहील आणि म्हणेल, तुम्ही कशा? ती ठेंगणी बाई कुठंय? राहिलं दुसरं वाक्य, सोपं आणि खरं. 'मनकर्णाबाईंनी पाठवलं.' एवढंच म्हणायचं होतं. शाळेत पोरांकडून एवढी वाक्यं पाठ करून घेतली, पण हे एक त्यांच्या जिभेवर चढेना. भरल्या मांडवात, सगळ्यांसमोर, पुन्हा तिच्या मागून बोलायचं. गाडी भरली आणि गेली. ताई पिशवी घेऊन अमडापूरला परत आल्या.

दिवाळीच्या सुमाराला मनकर्णाबाई आल्या. नवे गुडघे, तीच जुनी काठी. समाजमंदिरात पाय ठेवताच सगळे उठले, खुर्ची दिली, सहदेवांनी चहा सांगितला. टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, लुगडं पोचलं का?"

"नाही."

"काऊन?"

"नाही जमलं."

मनकर्णाबाईंनी ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. रागावतील, निदान टोमणा मारतील, असं वाटलं होतं. ताई तयार होत्या, तयार काय, वाट पाहत होत्या.

"मंग असं करू," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दोघी जाऊ. लगीन झालं त झालं, लुगडं काय शिळं होते? तुमी गयाबाई, मी तुमची करवली."

सत्तरीला टेकलेली करवली, नव्या गुडघ्यांची! समाजमंदिर हसून फुटलं. ताईही हसल्या. नवरीपण आपल्याला देऊन टाकलं तरी हशा तिचाच.

"सोमवारी जाऊ," ताई म्हणाल्या.

"हाव. सोमवारी."

सोमवारी मनकर्णाबाईंना मालिशवाली यायची होती. पुढच्या सोमवारी ताईंना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. मग तूर निघाली. मग नव्या नाटकाच्या तालमी लागल्या. लुगड्याची पिशवी ताईंच्या कपाटात होती आणि दर आठवड्याला दोघींपैकी एक जण विचारायची, या सोमवारी का? ताई 'हो' म्हणायच्या. निघताना त्यांना काहीतरी आठवायचं.

मग खबर आली, तानाबाईच्या नातीला मुलगा झाला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता लुगड्यासंगं टोपडं बी न्या लागते." दोघींनी मिळून बाजारातून टोपडं घेतलं, पिवळं, गोंड्याचं. सोमवार ठरला.

गेल्या नाहीत.